पण, पणा, की, गिरी : भाववाचक नामांचे बदलत गेलेले अर्थ

लव्हाळा

शाळेच्या व्याकरणात भाववाचक नामांचा एक तक्ता असतो. सुंदर–सौंदर्य, गरीब–गरिबी, गोड–गोडवा, माणूस–माणुसकी, गुलाम–गुलामगिरी. शब्द घ्या, शेपूट लावा, गुणाचं नाव तयार. मार्कांपुरतं ठीक आहे. पण अशा नामानं एकदा वेगळं बिऱ्हाड थाटलं की ते मूळ शब्दाला विचारून वागत नाही. कधी मूळ शब्द एकीकडे जातो आणि नाम भलतीकडे. याची मला सापडलेली तीन उदाहरणं मांडतो.

पहिलं, आर्जव. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना ‘अमानित्वमदम्भित्वमहिंसा क्षान्तिरार्जवम्’ असं येतं. ऋजु म्हणजे सरळ, आणि ऋजुचा भाव तो आर्जव. ओठात एक नि पोटात एक असं नसणं. आता आजचं वाक्य घ्या : ‘साहेबांची किती आर्जवं केली, पण सही काही मिळाली नाही.’ यात सरळपणा कुठे उरलाय? सरळ माणूस मऊ बोलतो, मऊ बोलणारा मन वळवतो, मन वळवणारा विनवण्या करतो, अशा पायऱ्या उतरत शब्द खाली आला असावा. गंमत म्हणजे वाटेत तो मोजता येऊ लागला. सरळपणाचं अनेकवचन होत नाही. आर्जवं मात्र हवी तेवढी करता येतात.

दुसरं, वैषम्य. विषमचा भाव, म्हणजे असमानपणा. पण ‘धाकट्याला जास्त दिलं याचं थोरल्याला वैषम्य वाटलं’ यात वैषम्य जमिनीच्या वाटणीत नाही, थोरल्याच्या मनात आहे. बाहेरची असमानता आत शिरून सल झाली. मग बाहेरच्या असमानतेसाठी शब्द हवाच होता, तिथे त्याच विषमला ‘ता’ लावून विषमता आली. एकाच आईची दोन लेकरं, एक अर्थशास्त्राच्या पुस्तकात आणि एक रुसून कोपऱ्यात.

तिसरं उलट्या चालीचं. तुकोबा म्हणतात, ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ॥’ आज हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, खर्च करताना तोंड पाडून करायचा. तिथे उदास म्हणजे अलिप्त, पैशात जीव न अडकलेला. आज उदास म्हणजे दुःखी आणि उदासपणा म्हणजे खिन्नता. पण ‘मतदारांचं औदासीन्य’ म्हणतो तेव्हा मतदार रडत बसलेले नसतात, त्यांना फरक पडत नसतो. म्हणजे उदास सरकला आणि जुना अर्थ त्याच्याच भावंडावरून, उदासीनवरून, आलेल्या औदासीन्यात टिकून राहिला.

तुमच्याकडे आणखी काय आहे? अट एकच, प्रत्यय लागून झालेलं भाववाचक नाम हवं. नुसत्या अर्थ बदललेल्या शब्दांसाठी वेगळा धागा काढू.

टिचकी

तुकोबा निघालेच आहेत तर ‘लहानपण देगा देवा’ राहून कसं चालेल. शाळेच्या स्नेहसंमेलनात हे गाणं नेहमी ‘रम्य ते बालपण’ छापाच्या निवेदनानंतर येतं. देवाकडे बालपण परत मागितलंय असा समज! पुढचं कोणी ऐकत नाही : मुंगीला साखरेचा रवा मिळतो, ऐरावताला अंकुशाचा मार बसतो, महापुरात झाडं जातात, लव्हाळी वाचतात (तुमचा आयडी तिथलाच ना?). मागणं आहे ते लहान असण्याचं, नम्रपणाचं.

लव्हाळा

आयडी तिथलाच. आणि उदाहरण नेमकं आहे. लहानपण आधी स्थिती होती, आता तो आयुष्याचा काळ झाला. ‘लहानपणी आम्ही’ म्हटल्यावर नम्रता कोणाच्या डोक्यात येते?

खडूफळा

तरुणपण, म्हातारपण हेही तसेच काळ झालेत. पण मला खरी मजा ‘पण’ आणि ‘पणा’ यांच्या वाटणीत वाटते. नववीच्या वर्गावर मी हे करून घेते. फळ्यावर दोन वाक्यं लिहिते : ‘आजीचं शहाणपण’ आणि ‘आजीचा शहाणपणा’. मुलं लगेच हसतात. पहिल्या आजीचा सल्ला घ्यावा, दुसरीनं जरा गप्प बसावं. फरक कशामुळे, असं विचारलं की मात्र शांतता. ते नपुंसकलिंगी, हा पुल्लिंगी, एवढं एखादा सांगतो.

माझा ठोकताळा असा : ‘पण’ हे असतं, ‘पणा’ हा केला जातो. आगाऊपणा करतो, चहाटळपणा करतो, मूर्खपणा करतो. गुणाची कृती झाली की पणा. मोठेपण माणसाच्या अंगी असतं; मोठेपणा मिरवला जातो.

घाटावरचा

मग ‘मनाचा मोठेपणा’चं काय करणार? चांगुलपणा, प्रामाणिकपणा, मोकळेपणा? हे काय वाईट आहेत?

खडूफळा

मी वाईट कुठे म्हटलं, कृती म्हटलं. ‘त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवला’ इथेही काहीतरी केलंच आहे, कोणाला तरी माफ केलंय किंवा पदरचे पैसे घातलेत. कृती चांगली की वाईट ते पुढचं. प्रामाणिकपणाला ‘पण’वाली जोडी प्रचारात नाही, म्हणून तो एकटाच दोन्ही कामं करतो. जिथे जोडी आहे तिथेच वाटणी दिसते. एकटेपण कवितेत असतं, एकटेपणा डॉक्टरला सांगायचा असतो.

शहाणपणाच्या घसरणीत खुद्द शहाण्याचाही हात आहे म्हणा. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांचा हिशोब कौतुकानं केला जायचा. आता कोणाला ‘दीडशहाणा’ म्हणून बघा.

तद्धित

हा ‘पण’ जुनाच आहे. वैदिक ‘-त्वन’, प्राकृतात ‘-त्तण’ आणि ‘-प्पण’, तिथून आपला ‘-पण’. म्हणजे महत्त्वातला ‘त्व’ आणि मोठेपणातला ‘पण’ हे एकाच घराण्यातले, एक संस्कृतातून थेट आलेला आणि एक बोलीतून झिजत आलेला. ‘मीपण’ मात्र संतांकडे होतं तसंच राहिलंय, ते काही केल्या सुधारत नाही.

घाटावरचा

आमच्याकडचा शब्द घ्या : पाटीलकी. आज ‘फार पाटीलकी करू नकोस’ म्हणजे हुकूम सोडू नकोस. पण जुन्या कागदांत पाटीलकी हा स्वभाव नाही, मालमत्ता आहे. ती वारशानं यायची, भावाभावांत वाटली जायची, अडचणीत निम्मी विकलीही जायची. विकणारा काय विकायचा? इनाम जमीन, गावाकडून येणारे हक्काचे जिन्नस, आणि मानपान. पोळ्याला कोणाचे बैल पुढे, होळीला पहिली पोळी कोणाची, शिरपाव आधी कोणाला. यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चाललेत. महादजी शिंदे एवढे दिल्लीचा कारभार हाकत होते, पण स्वतःला पाटील म्हणवण्यात त्यांना भूषण वाटायचं.

मग १९६२ च्या कायद्यानं वंशपरंपरेची महसुली पाटीलकी गेली. दप्तर तलाठ्याकडे, पोलीस पाटील नेमणुकीवर. हक्क गेला आणि शब्दाकडे फक्त तोरा उरला. माझ्या मते अर्थ असा ‘घसरला’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा शब्दाच्या पायाखालची जमीन गेलेली असते. इथे तर अक्षरशः.

उंबरठा

घाटावरचा, पाटीलकीचं बरोबर आहे, पण त्याच गावगाड्यात, त्याच ‘की’ प्रत्ययाची महारकीही होती, ती या धाग्यात यायला हवी. कागदोपत्री तेही वतनच. प्रत्यक्षात सांगावे पोचवणं, सरकारी माणसाच्या पुढे धावणं, मेलेली ढोरं ओढणं, रात्री-अपरात्री हाक आली की उभं राहणं, आणि मोबदल्यात थोडी जमीन नि बलुतं. कामाचे तास नाहीत, नाही म्हणायची सोय नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते यासाठीच. वतनाच्या आशेनं माणूस बांधला जातो हे त्यांचं म्हणणं. शेवटी १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं रद्द झाली.

तेव्हा दोन्ही शब्दांखालची व्यवस्था कायद्यानंच गेली. पण पाटीलकी चेष्टेचा शब्द होऊ शकली, कारण ती गमावणाऱ्याकडे इतर बरंच काही शिल्लक होतं. महारकी हा शब्द उरला तो ‘सोडली’ या क्रियापदासोबत. आमच्या घरात तो त्याच एका वाक्यात ऐकू यायचा : आजोबांनी महारकी सोडली.

लव्हाळा

उंबरठा, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा महत्त्वाचा आहे. धन्यवाद.

रेवस ते रेडी

‘की’च चाललीय तर गावकी घ्या. कोकणात गावकी म्हणजे काही गावपणाची भावना वगैरे नाही. गावकी बसते, गावकी ठरवते, गावकी दंड करते. ती चक्क माणसांची बैठक आहे. देवळाची पालखी कोणत्या वाडीतून कधी जाणार, शिमग्याचा मान कोणाचा, सगळं तिच्या हातात. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांचीही गावकी असते, रविवारी भरते, वर्गणी मागते. आणि बातम्यांत हल्ली ती ‘गावकीनं कुटुंबाला वाळीत टाकलं’ याच वाक्यात येते. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा ज्यांच्यासाठी करावा लागला त्यांत जातपंचायतींसोबत गावक्याही होत्याच.

पलीकडे गोव्यात गांवकारी. तिथे तर ती पूर्ण संस्था. गावची जमीन गांवकारांची सामाईक, उत्पन्नातला वाटा म्हणजे जोण. पोर्तुगीजांनी १५२६ सालच्या सनदेत हे रिवाज लिहून काढले, पुढे तिला कोमुनिदाद म्हटलं, आणि ती आजही आहे. एका ‘गाव’ शब्दाला एकीकडे ‘की’, एकीकडे ‘कारी’ लागली आणि दोन्हीकडे भाव जाऊन मंडळी गोळा झाली.

तद्धित

रेवस ते रेडी, तुम्ही नकळत पाणिनीच्या दारात आलात. ‘तस्य भावस्त्वतलौ’ हे सूत्र सगळ्यांना माहीत असतं : भाव दाखवायला ‘त्व’ आणि ‘ता’. पण हाच ‘ता’ समूहासाठीही लागतो, त्याचं सूत्र वेगळं आहे : ‘ग्रामजनबन्धुभ्यस्तल्’ (४.२.४३). ग्राम, जन, बंधु या शब्दांना ‘ता’ लावला की त्यांचा समूह. ग्रामता म्हणजे गावांचा समूह, जनता म्हणजे जनांचा समूह, आणि बंधुता म्हणजे, लक्ष द्या, भाऊबंदांचा समूह.

थोडक्यात पाणिनीची बंधुता म्हणजे आपली भावकी.

टिचकी

थांबा थांबा. म्हणजे संविधानाच्या उद्देशिकेतली बंधुता, पाणिनीची बंधुता आणि आमच्या गावची भावकी सगळं एकच? भावकीत बांधावरून दोन खटले चालू आहेत म्हणून विचारतो.

तद्धित

कल्पना एक, वाटा तीन. भावकी समूह झाली. उद्देशिकेतली बंधुता मूल्य झाली, तिथे ती स्वातंत्र्य आणि समता यांच्या पंगतीत बसते. आणि तिसरी तुम्ही विसरलात, भाऊबंदकी! भाऊबंद असण्याची स्थिती एवढाच खरं तर तिचा शब्दार्थ. पण भाऊबंद असण्याची स्थिती आपल्याकडे व्यवहारात कशी असते हे सर्वांना इतकं ठाऊक होतं, की शब्दाचा अर्थच भांडण झाला. १९०९ साली खाडिलकरांनी पेशव्यांच्या घरातल्या कलहावर नाटक लिहिलं, त्याला हे एका शब्दाचं नाव पुरलं. प्रेक्षकांना फोड करून सांगावी लागली नाही.

समताही अशीच सरकलीय. ‘समत्वं योग उच्यते’ यातलं समत्व एकट्या माणसाच्या चित्ताचं, सुखदुःखात न हलणारं. बाबासाहेबांच्या चळवळीतल्या १९२८ च्या ‘समता’ पत्राच्या नावातली समता दोन माणसांमधली. पहिलीसाठी गुहेत बसलं तरी चालतं, दुसरीसाठी पाणवठ्यावर जावं लागतं.

चूलबोळकं

फार गंभीर झालं, आता स्वयंपाकघरात या. बेगमी. वर्षाच्या धान्याची बेगमी, पावसाळ्याची बेगमी. हा शब्द फारसी आहे : बे म्हणजे विना, गम म्हणजे चिंता. बेगमी म्हणजे निश्चिंती. (बेगमसाहिबांचा काही संबंध नाही.) आमच्याकडे ही निश्चिंती वैशाखात गच्चीवर वाळत असते. कुरडया, सांडगे, पापड, वर्षाचं तिखट. डाळींना एरंडेलाचा हात, गव्हात कडुनिंबाचा पाला. ते डबे भरले की जे मनाला वाटतं त्याचं नाव बेगमी होतं. हळूहळू ते डब्यांचंच नाव झालं. आता सगळं दहा मिनिटांत दारात येतं, तेव्हा डबेही नाहीत. निश्चिंतीचं बघा तुमचं तुम्ही.

दुसरा शब्द सर्दी. फारसीत सर्द म्हणजे थंड, सर्दी म्हणजे थंडी. हिंदीत अजून सर्दीचा मोसम असतो. मराठीत ती नाकात उतरली. तिची बहीण गरमी, तिनं तर जुन्या मराठीत उपदंशाचा अर्थ घेतला होता, त्यामुळे जुनं काही वाचताना ‘त्याला गरमी झाली’ दिसलं तर पंखा लावू नये.

टिचकी

पंखा :)) साष्टांग.

यावरून, ब्लाउजची शिलाई किती? कृतीचं नाव, पण उत्तर रुपयांत येतं. हमालीचं तेच. धुलाई मात्र पोलिसांकडे गेली.

घाटावरचा

फारसीचा विषय निघालाय तर ‘गिरी’. ‘गीर’ म्हणजे धरणारा, घेणारा. जहांगीर म्हणजे जग घेणारा, गिरफ्तारमधलाही तोच. म्हणून मुलूखगिरी हा शब्द सगळ्यात प्रामाणिक : मुलूख घेणं. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की फौजा बाहेर पडायच्या, चौथ वसूल करून पावसाळ्याआधी परत. आज मुलूखगिरी म्हणजे पाठीवर सॅक टाकून फिरणं. घेणं संपलं, फिरणं उरलं. ज्या गावांवरून ती जुनी मुलूखगिरी जायची त्यांना या बदलाचा आनंदच झाला असता.

इतर शब्दांत ‘गिरी’ला घेण्याशी कर्तव्य नाही. गुलामगिरीत कोण काय घेतो? तिथे ती स्थिती. जोतीरावांनी १८७३ साली पुस्तकाला हे नाव दिलं तेव्हा हा अर्थ पक्का होता. दादागिरीत वागणूक, आणि तीही वाईट. दादा हा आदराचा शब्द, गिरी लागली की दमदाटी. म्हणूनच २००६ च्या सिनेमातली गांधीगिरी ऐकून लोक हसले. वाईट वागणुकीचा प्रत्यय गांधींना लावला होता.

अवांतर : वकील म्हणजे पेशवाईत राजदूत. दिल्ली दरबारात हिंगणे पेशव्यांचे वकील होते, कोर्टाशी संबंध नाही. पुढे वकील कोर्टात गेला, वकिली त्याच्यामागे गेली, पण वकिलात मात्र परराष्ट्र खात्यातच राहिली. लव्हाळा यांच्या औदासीन्यासारखंच.

खडूफळा

आता माझं दुखणं. ‘नाविन्यता’. नवीनचा भाव नावीन्य. झालं की नाम! त्याला परत ‘ता’? वैविध्यता, सौजन्यता, प्रावीण्यता... एका डोक्यावर दोन टोप्या. आणि हे कुठे, तर महाराष्ट्र शासनाच्या विभागाच्या नावात : कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता. मी मुलांच्या निबंधात लाल रेघ मारते आणि मूल मला शासन निर्णय दाखवतं.

सरकारी टाचणी

बाई, व्याकरणाच्या बाजूनं तुम्ही जिंकलात. पण आमची बाजू ऐका. नावीन्य म्हणजे नवेपणा, तो साडीतही असतो. ‘या वर्षीच्या प्रदर्शनात काही नावीन्य नव्हतं’ हे आपण म्हणतो. इथे हवं होतं इनोव्हेशन, म्हणजे नवं काढणं आणि ते चालवून दाखवणं. नावीन्य आधीच कामात गुंतलेलं, म्हणून त्याला जोड देऊन दुसरा शब्द उभा राहिला. चुकीचा म्हणा, पण रिकामा नाही. तुमच्याच पण आणि पणाची वाटणी आहे ही.

खडूफळा

नवोन्मेष होता की! उन्मेष म्हणजे उमलणं. इतका सुरेख शब्द कपाटात ठेवून टोपीवर टोपी कशाला?

सरकारी टाचणी

नवोन्मेष टिप्पणीत लिहिला की वरून शेरा येतो, ‘सोपा शब्द वापरावा’.

लव्हाळा

टाचणी यांचा मुद्दा मला पटतो, जरी नाविन्यता वाचताना माझेही दात शिवशिवतात. वैविध्यतेला मात्र माफी नाही. ती वैविध्यापेक्षा वेगळं काहीच सांगत नाही.

सौजन्य आलंच आहे म्हणून. सुजनाचा भाव, भलेपणा. आज वर्तमानपत्रात फोटोखाली ‘सौजन्य’ लिहून पुढे संस्थेचं नाव. इंग्रजीतल्या कर्टसीची ही सावली. फोटो फुकट मिळाला एवढाच भलेपणा त्यात उरलाय.

तद्धित

अस्मिता राहिली की हो! अस्मि म्हणजे ‘मी आहे’, त्याला ‘ता’. क्रियापदाच्या रूपाला भाववाचक प्रत्यय, रचनाच विलक्षण. योगसूत्रांत ती पाच क्लेशांपैकी एक आहे : अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. पाहणारा आणि पाहण्याचं साधन एकच वाटणं, हा भ्रम म्हणजे अस्मिता. योग्यानं ती घालवायची. विसाव्या शतकात मात्र ती जपायची गोष्ट झाली. गुजरातीत कन्हैयालाल मुनशींनी ‘गुजरातची अस्मिता’ रुजवली, आपल्याकडे मराठी अस्मिता. आता ती दुखावते, जागी होते, तिच्यावर घाला येतो. क्लेश कोणाला होतात हा वेगळा प्रश्न.

टिचकी

तद्धित, सांभाळून, बाहेर फ्लेक्स लागलेत. तिथलाच माझा शेवटचा शब्द : नेतृत्व. नेत्याचा गुण ना? आमच्या चौकात पंचवीस फुटी फलकावर गॉगल लावून उभा आहे. ‘आमचे युवा नेतृत्व’. खाली शुभेच्छुकांचे बत्तीस पासपोर्ट फोटो. आणि मोठं कोणी गेलं की ‘एक थोर व्यक्तिमत्त्व हरपले’. माणूस गेला म्हणायची सोयच नाही.

तद्धित

यात नवं काही नाही. देवता हा शब्द देव अधिक ता असाच आहे. देवपण म्हणायचं होतं, प्रत्यक्ष देवच प्रकटला. तुमचं नेतृत्व त्याच वाटेनं फलकावर चढलंय.

खडूफळा

चढू दे, पण लेखन तरी नीट करा म्हणावं. व्यक्तिमत्त्वात दोन त : व्यक्तिमत् अधिक त्व. महत्त्व, तत्त्व, सत्त्व तसेच. नेतृत्वात एकच, कारण नेतृ अधिक त्व. आमच्या शाळेसमोरच्या फलकावर बरोबर उलट केलंय.

टिचकी

बाई, त्या फ्लेक्सवाल्याकडे तुमचाच माजी विद्यार्थी डिझाइन करतो.